विनाक्लचची गाडी आणि घाटाची वाट



गळीत हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला, की आपल्या भागातला माणूस जरा मोकळा होतो. लग्नकार्ये उरकतात, राहिलेले नवस फेडले जातात आणि पोराबाळांना शाळेची सुट्टी लागली की गाड्या घाटाकडे वळतात. कुणी पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वर गाठतो, कुणी आंबा घाटातून गणपतीपुळ्याला जातो, तर कुणी कुंभार्लीतून चिपळूणला. पूर्वी या वाटेवर जीप किंवा एस. टी. असायची. आता पुष्कळ सभासदांच्या दारात मोटार आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना क्लचच नाही. पायाखाली दोनच पेडल, हाताशी एक दांडी, आणि गिअर गाडी आपला आपण बदलते.

अशी गाडी सोयीची आहे, यात शंका नाही. गुडघेदुखीच्या माणसाला ती वरदान वाटते. नव्याने शिकलेल्या सुनेला आणि लेकीला ती बिनधास्त चालवता येते. परंतु घाटात मात्र एक तक्रार वरचेवर ऐकू येते. निम्मा चढ चढल्यावर समोर दिवा लागतो, जळका वास येतो, गाडी रेस घेते पण ओढत नाही. मागून कुणी म्हणतो, “क्लच जळाला वाटतं.” आणि चालवणारा म्हणतो, “अहो, हिला क्लच आहेच कुठं?” गाडीत म्हातारी माणसे, लहान मुले, मागे गाड्यांची रांग आणि एका बाजूला दरी. अशा वेळी काय करावे आणि मुळात अशी वेळ येऊच नये म्हणून काय करावे, याची माहिती प्रत्येक घरात असावी म्हणून हा लेख आम्ही देत आहोत.

उष्णता येते कोठून?

हे समजायला आपल्या फडातलाच अनुभव पुरेसा आहे. पाऊस पडून गेलेल्या रानातून भरलेली ट्रॉली बाहेर काढायची असते. चाक रुतलेले असते. ड्रायव्हर क्लच अर्धा दाबून ट्रॅक्टरला रेस देतो. इंजिन फिरते जोरात, चाक फिरते सावकाश. मधला जो फरक आहे तो क्लचप्लेट घासून भरून काढते, आणि दोन मिनिटांत जळका वास फडभर पसरतो. इंजिनाची जी ताकद चाकापर्यंत पोचली नाही ती कुठे नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. जिथे घसरण आहे तिथे उष्णता आहे. या लेखातले सगळे सांगणे या एका वाक्यात आहे.

ऑटोमॅटिक गिअरच्या जुन्या आणि भरवशाच्या प्रकारात क्लचप्लेटच्या जागी तेल काम करते. एक पंखा चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला, तर वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. तसे एका बंद डब्यात दोन पंखे समोरासमोर बसवलेले असतात. वाऱ्याऐवजी मध्ये तेल असते. एक पंखा इंजिन फिरवते, त्याने उडवलेल्या तेलाने दुसरा फिरतो आणि चाकांना ताकद मिळते. दोहोंच्या मध्ये आणखी एक लहान पंखा असतो, तो परत येणाऱ्या तेलाला वळण देऊन ताकद वाढवतो. याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, आणि तेही मोटारीसाठी नव्हे, तर जहाजासाठी.

याचा एक भाऊ कारखान्यांतही भेटतो. जड कन्व्हेयरच्या मोटारीला जे फ्लुइड कपलिंग जोडतात, त्यातही तेलच ताकद पोचवते. कन्व्हेयर अडकला आणि मोटार फिरतच राहिली, तर आतले तेल तापते. त्यासाठी कपलिंगला एक खास बूच बसवतात. ठरलेल्या तापमानाला ते वितळते, तेल बाहेर पडते आणि मोटार वाचते. मोटारगाडीला असे बूच नाही. तिला आहे तो समोरचा दिवा. दिवा लागला म्हणजे बूच वितळले असे समजावे.

उष्णता किती होते याचा ढोबळ हिशोब पाहा. चढावर इंजिन ३० किलोवॅट ताकद देत आहे आणि तिचा पाचवा हिस्सा घसरणीत जातो असे धरू. म्हणजे ६ किलोवॅट झाले. पाणी तापवायच्या दीड किलोवॅटच्या चार कॉइल एकदम त्या तेलात सोडल्यासारखे हे आहे. सपाट रस्त्यावर वेग आला की डब्यातला एक क्लच दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट जोडतो, घसरण थांबते आणि तेल निवते. घाटात वेगच येत नाही, म्हणून तो क्लच बसत नाही आणि घसरण चालू राहते. त्यात पुढून वारा कमी लागतो, म्हणून तेल थंड करणारा कूलरही अर्धवट काम करतो. गाडी भरलेली, एसी चालू आणि दुपारची बाराची वेळ असेल, तर मग विचारूच नका.

हे तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखाने काम करते. १२० अंशांच्या वर ते झपाट्याने खराब होऊ लागते. दर दहा-अकरा अंश वाढले की तेलाचे आयुष्य निम्म्यावर येते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. तेल जळले की आतल्या क्लचपट्ट्या घसरतात, त्या घसरल्या की उष्णता आणखी वाढते. उतारावर सुटलेल्या बैलगाडीसारखा हा प्रकार आहे, एकदा सुरू झाला की आपोआप थांबत नाही.

सगळ्या विनाक्लच गाड्या सारख्या नव्हेत

आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे आधी माहितीपुस्तिकेत पाहावे किंवा मेस्त्रीला विचारावे. बाजारात चार जाती आहेत.

पहिली वर सांगितलेली, टॉर्क कन्व्हर्टरची. चारही जातींत घाटाला ही सर्वांत सोशिक.

दुसरी एएमटी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओ गाडीतून ही आपल्याकडे आली आणि स्वस्त म्हणून झपाट्याने पसरली. हिच्यात नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लचप्लेट असते. फक्त आपल्या पायाचे काम यंत्र करते. म्हणजे क्लच दिसत नाही, पण आहे. चढावर ॲक्सिलेटर हलका दाबून गाडी रोखून धरली, तर यंत्र बिचारे हाफ क्लच धरून बसते आणि ट्रॅक्टरची प्लेट जळते तशीच ही जळते.

तिसरी सीव्हीटी. हिच्यात गिअरचे दाते बदलत नाहीत. लहानमोठ्या होणाऱ्या दोन कप्प्या आणि त्यांवरचा पोलादी पट्टा असतो. १९८४ साली आलेली कायनेटिक होंडा ज्यांनी चालवली त्यांना हे तत्त्व ठाऊक आहे, तिथे पट्टा रबराचा होता. तेल फार तापले की अशा बऱ्याच गाड्यांचा संगणक स्वतःहून इंजिनाची ताकद कमी करतो. गाडी मरगळते. चालवणाऱ्याला वाटते बिघाड झाला, म्हणून तो आणखी रेस देतो. नेमके तेच करायचे नसते.

चौथी डीसीटी, म्हणजे दोन क्लचची. गिअर बदलायला ही सर्वांत चपळ. पण हिच्यातल्या कोरड्या क्लचच्या गाड्या चढावरच्या रांगेत हात-हात पुढे सरकताना लवकर तापतात.

चढताना

पहिली गोष्ट, गाडी ॲक्सिलेटरवर तोलून धरू नये. घाटात रांग लागली की गाडी मागे सरकू नये म्हणून पुष्कळ जण पाय हलका दाबून ठेवतात. गाडी जागेवर, इंजिन चालू आणि सगळी ताकद उष्णतेत. थांबायचे तर ब्रेक दाबूनच थांबावे. जास्त वेळ थांबायचे तर हँडब्रेक ओढावा. निघताना आधी ब्रेक, मग ॲक्सिलेटर, आणि गाडीने ओढ घेतली की ब्रेक सोडावा.

दुसरी गोष्ट, मुंगीच्या पावलाने सरकू नये. पुढची गाडी चार हात सरकली की आपणही सरकलेच पाहिजे, असा काही नियम नाही. पुढे जागा होऊ द्यावी आणि मग एकदम दहा-पंधरा मीटर जावे. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू द्यावा. गिअरबॉक्सचे बिल तो भरणार नाही.

तिसरी गोष्ट, गिअर खाली घ्यावा. दांडी ‘डी’वर ठेवली की काम संपले, ही समजूत घाटात मोडते. ‘डी’वर गाडी चढावर दोन गिअरांत हेलकावे खाते. वर टाकते, ताकद पुरत नाही, पुन्हा खाली येते. प्रत्येक बदलात घसरण आणि उष्णता. बहुतेक गाड्यांना ‘एल’, ‘२’, ‘एस’ किंवा ‘एम’ अशी खूण असते, किंवा अधिक-उणे चिन्हे असतात. चढ सुरू होताच दांडी तिथे आणून खालचा गिअर धरावा. इंजिन थोडे ओरडेल, ओरडू द्यावे. इंजिन जोरात फिरले की तेलाचा पंपही जोरात चालतो, कूलरमधून जास्त तेल जाते आणि घसरण कमी होते. कमी आवाज म्हणजे कमी त्रास असे सपाटीवर खरे असेल, चढावर नाही.

चौथी गोष्ट, इंजिनाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करावा. एसीचे जाळे रेडिएटरच्या पुढेच असते आणि त्याची उष्णता सरळ मागे येते. काचा उघडून घाटाची हवा घ्यावी, त्यासाठीच तर आलो.

आणि एक गोष्ट समोरून येणाऱ्यासाठी. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा जुना रिवाज आहे आणि वाहतुकीच्या नियमांतही आहे. त्याचे कारण आता लक्षात येईल. चढावर थांबून पुन्हा निघणे हेच गाडीला सर्वांत जड जाते. उतरणाऱ्याने दोन मिनिटे थांबावे, त्याचे काही जळत नाही.

दिवा लागलाच तर

घाबरून वळणावरच थांबू नये. पुढची-मागची गाडी दिसेल अशा रुंद जागेवर गाडी घ्यावी आणि चारही दिव्यांची लुकलुक चालू करावी. पाय ब्रेकवर ठेवून आधी हँडब्रेक ओढावा, मग दांडी ‘पी’वर न्यावी. क्रम उलटा केला तर गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या लहानशा अडसरावर येतो. एएमटी गाडीला बहुधा ‘पी’ नसतो, तिथे पुस्तिकेत सांगितले असेल तसे करावे. चाकामागे दगड लावावा. निघताना तो दगड आठवणीने उचलून कडेला टाकावा. आपण सोडलेला दगड रात्री दुचाकीवाल्याच्या जिवावर बेतू शकतो.

मग इंजिन बंद करायचे की चालू ठेवायचे? पुष्कळ जण लगेच किल्ली फिरवतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, तर पंप बंद, आणि तापलेले तेल तिथेच उकळत राहते. म्हणून फक्त गिअरबॉक्सचाच दिवा असेल, तर इंजिन रेस न देता संथ चालू ठेवावे आणि दिवा जाईपर्यंत वाट पाहावी. पण इंजिनाचा काटाही लाल खुणेवर असेल, वाफ किंवा धूर दिसत असेल, किंवा खाली तेल सांडत असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावे आणि सर्वांनी गाडीतून उतरून कठड्याच्या आत, रस्त्यापासून दूर उभे राहावे. पुस्तिकेत आपल्या गाडीसाठी वेगळे सांगितले असेल, तर पुस्तिकेचेच ऐकावे.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत उकळते पाणी दाबाखाली असते, ते थेट तोंडावर येते. तापलेल्या गिअरबॉक्सवर किंवा ब्रेकवर थंड पाण्याची घागर ओतू नये. लोखंड तडकते.

ट्रॅक्टरला दोर बांधू नका

आपल्याकडे गाडी बंद पडली की पहिला फोन गॅरेजला जात नाही, भावकीतल्या ट्रॅक्टरवाल्याला जातो. दहा मिनिटांत ट्रॅक्टर येतो, दोर बांधला जातो आणि गाडी घरी येते. जुन्या गाड्यांना हे चालत असे. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी गाड्यांना हे चालत नाही. इंजिन बंद असल्याने पंप बंद, पंप बंद असल्याने तेल फिरत नाही, आणि ओढल्या जाणाऱ्या चाकांमुळे आतले भाग मात्र कोरडे फिरत राहतात. घाटात जे वाचले ते घरी आणताना मोडते. अशी गाडी ओढणारी चाके उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी. आपल्या गाडीची ओढणारी चाके पुढची की मागची, हेही माहीत असावे. विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय घेतली असेल, तर तो नंबर गाडीतच लिहून ठेवावा, कारण घाटात मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. आणि अशी गाडी ढकलून चालू होत नाही, म्हणून पाहुण्यांना उगाच धापा टाकायला लावू नये.

उतरताना

चढताना नुकसान होते ते पैशाचे. उतरताना गाठ जिवाशी असते, म्हणून हा भाग लक्षपूर्वक वाचावा.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर आहे. माणसांसह दीड टनाची गाडी साडेपाचशे मीटर खाली आणताना जी उष्णता तयार होते, तिने सुमारे २५ लिटर गार पाणी उकळेल. ही उष्णता कुणीतरी सोसलीच पाहिजे, एक तर इंजिनाने किंवा ब्रेकने. ‘डी’वर ठेवून उतरले, की बऱ्याच गाड्या वरच्या गिअरमध्ये जातात, इंजिन धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑईल जुने असेल तर प्रकरण आणखी वाईट. हे तेल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ३ प्रकारच्या नव्या तेलाला २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जाते.

म्हणून जुने ट्रक ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. हा नियम विनाक्लचच्या गाडीलाही लागू आहे. उतार सुरू होण्यापूर्वीच दांडी खालच्या गिअरवर घ्यावी. ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणापूर्वी जोराने दाबून वेग कमी करावा आणि सोडून द्यावा, म्हणजे मध्ये हवा लागते. आणि डिझेल-पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडण्याची खोड असेल, तर ती घाटाच्या अलीकडेच सोडावी. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये ॲक्सिलेटर सोडला की इंजिन इंधन घेणेच थांबवते. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागते. म्हणजे वाचत काहीच नाही आणि गाडी मोकाट सुटते.

घाटापूर्वी घरी करावयाच्या गोष्टी

गाडी पुढून वाकून पाहावी. फडात आणि शिवारातल्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुसा, चिखल आणि किडे अडकून बसतात. हवा जातच नाही. कमी दाबाच्या पाण्याने जाळी धुवावी. सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा मारला तर पातळ पत्रे वाकतात.

गिअरबॉक्सचे तेल पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदलावे. नेहमी घाट, ओझे किंवा धूळ असेल, तर मुदत कमी धरावी. नवे तेल पुष्कळदा लाल असते. काळपट झाले आणि जळका वास आला, की आत काहीतरी जळू लागले आहे. बऱ्याच नव्या गाड्यांना हे तेल तपासायची काडी नसते, तेव्हा मेस्त्रीकडूनच पाहून घ्यावे. आणि ट्रॅक्टरसाठी आणलेला डबा घरात आहे म्हणून तेच तेल हिच्यात ओतू नये. प्रत्येक जातीचे तेल वेगळे असते, आणि सीव्हीटीचे तर अगदीच वेगळे.

टपावर पोती, मागे ट्रॉली आणि आत सात-आठ माणसे, हा आपला जुना शौक आहे. गाडी कंपनीने ठरवलेल्या वजनाच्या पुढे गेली की वरच्या सगळ्या सूचना पाळूनही ती तापणार.

शेवटी एक विनंती

आपल्यातल्या वडीलधाऱ्या सभासदांनी भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन चढ-उतार पार केले आहेत. गिअर कधी खाली घ्यायचा, इंजिनावर गाडी कशी धरायची, हे त्यांच्या हातापायांत मुरले आहे. आजची मुले पहिल्याच दिवसापासून विनाक्लचच्या गाडीवर शिकतात. त्यांना गिअर हा शब्द माहीत आहे, पण त्याचा उपयोग कधी पडलेला नाही. आणि वडील म्हणतात, “या नव्या गाडीतलं आपल्याला काय कळतंय!” असे म्हणून गप्प बसू नये. दांडीवरची अक्षरे नवी आहेत, घाट जुनाच आहे. एका संध्याकाळी पोराला किंवा सुनेला शेजारी बसवून माहितीपुस्तिका उघडावी, ‘एल’ किंवा ‘एम’ कुठे आहे ते पाहावे आणि गावाजवळच्या एखाद्या लहान चढावर दोन वेळा गाडी चढवून-उतरवून घ्यावी. अर्ध्या तासाचे काम आहे. हे अर्धा तास शिकलेले लेकरू घाटात एकटे असले, तरी घरी बसलेल्यांना निर्धास्त झोप लागेल.